गृहस्थाची पंचसूना आणि जगाची सतरा उद्दिष्टे

२५ सप्टेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेत १९३ राष्ट्रांनी मिळून एक संकल्प सोडला. पृथ्वीवर कोठेही आत्यंतिक दारिद्र्य उरू नये, कोणी उपाशी झोपू नये, प्रत्येक मुलामुलीस शिक्षण मिळावे, स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचे स्थान असावे, प्यावयास निर्मळ पाणी व वापरावयास स्वच्छ ऊर्जा लाभावी, आणि हे सर्व साधताना अरण्ये, नद्या, सागर व हवामान यांचा घात होऊ नये, असा त्या संकल्पाचा आशय आहे. त्याची सतरा उद्दिष्टे व १६९ लक्ष्ये ठरविण्यात आली आणि ती गाठण्यास इ. स. २०३० ही मुदत घालण्यात आली. ह्यांनाच शाश्वत विकासाची उद्दिष्टे असे म्हणतात.

शाश्वत विकास हा शब्द नवा असला तरी त्यातील विचार नवा नाही. १९८७ साली नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने त्याचे जे लक्षण सांगितले त्याचे तात्पर्य असे की, आजच्या पिढीने आपल्या गरजा अशा रीतीने भागवाव्या की पुढील पिढ्यांना त्यांच्या गरजा भागविण्याचे सामर्थ्य उरावे. परसात आंब्याची कोय पुरणाऱ्या वृद्धास हे लक्षण कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्या झाडाचे फळ आपल्या तोंडी पडणार नाही हे त्याला ठाऊक असते. तरीही तो आळे करतो आणि पाणी घालतो.

परंतु सतरा उद्दिष्टांची ती लांबलचक यादी हाती पडली म्हणजे सामान्य गृहस्थ गोंधळून जातो. सकाळचे दूध, मुलांची शाळा, वृद्ध मातेचे औषध आणि महिनाअखेरची ओढाताण एवढ्यात त्याचे विश्व सामावलेले असते. तो साहजिकच म्हणतो, ‘‘हे राष्ट्रांचे व राज्यकर्त्यांचे काम. धूर ओकणारे कारखाने माझे नाहीत, नद्यांत विष सोडणारे कालवे मी खणले नाहीत. माझ्या घरातील एक दिवा विझला म्हणून जगाचा कोणता अंधार कमी होणार?’’ ही शंका आळसाची म्हणून झिडकारून चालणार नाही. ती प्रामाणिक आहे आणि तिच्यात पुष्कळसे तथ्यही आहे. म्हणून तिचे उत्तर नीट शोधले पाहिजे.

पाच हिंसास्थाने

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच स्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. ह्या पाचांना तेथे पंचसूना असे नाव आहे. सूना म्हणजे वधस्थान. चुलीत लाकडासोबत किडामुंगी जळते, जात्यात व उखळात धान्यासोबत जीव भरडले जातात, केरसुणीखाली चिरडतात, घड्यात बुडतात. गृहस्थ कितीही सज्जन असला तरी ह्या पाच ठिकाणी त्याच्या हातून नित्य हिंसा घडतेच. कारण तो जगतो हीच त्या हिंसेची सुरुवात आहे.

ह्या कल्पनेत दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, स्मृतिकार गृहस्थाला घर सोडून अरण्यात जा असे सांगत नाहीत. चूल विझवू नको, घडा फोडू नको. पण ह्यांतून दुसऱ्याची जी हानी होते ती विसरू नको, आणि तिची फेड रोजच्या रोज करीत जा, एवढेच त्यांचे म्हणणे. ती फेड म्हणजे पंचमहायज्ञ: अध्ययन-अध्यापन, पितरांचे स्मरण, देवांचे आराधन, भूतमात्रांस घास आणि अतिथीचा सत्कार. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हानीचा हिशेब येथे राजवाड्यापासून नव्हे, स्वयंपाकघरापासून मांडलेला आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचा विचारही ह्याच अंगाने जातो. अन्न, पाऊस, यज्ञ व कर्म ही एका चक्रात गुंफलेली असून, त्या चक्रातून घेऊन त्यात परत काहीच न घालणारा मनुष्य तेथे चोर ठरविला आहे.

तेव्हा जगाच्या सतरा उद्दिष्टांशी सामान्य माणसाचा संबंध काय, ह्या प्रश्नाचे उत्तर परदेशातील सभागृहात शोधण्यापूर्वी त्याच्याच घरातील ह्या पाच जागा एकदा पाहून यावे. आजच्या घरात जात्याच्या जागी विजेचे यंत्र आले आहे, चुलीच्या जागी वायूची शेगडी आणि घड्याच्या जागी नळ आला आहे. जागा बदलल्या नाहीत. तेथे घडणारी हानी मात्र दृष्टीआड झाली आहे.

चूल

पूर्वी चुलीचा धूर डोळ्यांत जाई, म्हणून तिचे मोल कळे. आज शेगडीची निळी ज्योत पाहणाऱ्यास ते कळत नाही. पण जगात अद्याप सुमारे दोनशे कोटी माणसांचे अन्न लाकूड, शेण, कोळसा अशा धुराच्या इंधनावर शिजते, आणि त्या धुराने दरवर्षी लक्षावधी जीव, त्यांतही स्त्रिया व लहान मुले, दगावतात. २०१५ साली भारतात वायूच्या टाकीवरील सरकारी सवलत ज्यांना परवडते त्यांनी आपणहून सोडावी असे आवाहन करण्यात आले, आणि सुमारे वर्षभरात एक कोटीहून अधिक ग्राहकांनी ती सोडली. ह्या लोकांनी कोणताही पराक्रम केला नाही. एक अर्ज भरला आणि दर टाकीमागे काही रुपये अधिक दिले. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेखाली गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे वायूची जोडणी देण्यास आरंभ झाला. पुढे अशा जोडण्यांची संख्या दहा कोटींच्या वर गेली. ह्यातील त्रुटीही लपवू नये. टाकी पुन्हा भरण्याचा खर्च न झेपल्याने पुष्कळ घरे मधूनमधून लाकडाकडे वळतात. म्हणजे एकदा सोडलेल्या सवलतीने काम संपत नाही. परंतु ज्याचे भागते त्याने हात आखडता घेतला तर ज्याचे भागत नाही त्याच्यापर्यंत काही पोहोचू शकते, एवढे त्या अनुभवाने सिद्ध केले.

चुलीवर जे शिजते त्याची कथा अधिक खेदाची आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरणविभागाच्या अनुमानानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून फेकले गेले. भारतीय घरांत दर माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते असा त्याच अहवालाचा अंदाज आहे. त्याच वर्षी जगातील सुमारे ७० कोटी माणसे भुकेली होती. वाया जाणारे अन्न येत्या २०३० पर्यंत निम्म्यावर आणावे, हे त्या १६९ लक्ष्यांपैकी एक होय. हे लक्ष्य कोणते शासन गाठणार? ताटात किती वाढावे ह्याचा हुकूम कोणी काढू शकत नाही. हे लक्ष्य मोठ्या अंशी गृहस्थाच्या पळीत आहे. लग्नाच्या पंगतीत आग्रह करकरून वाढणे ह्याला आदरातिथ्य म्हणण्याची रूढी पडली आहे. पण अर्धे टाकलेले ताट उचलून उकिरड्यावर नेणे हा अतिथियज्ञ कसा होईल? १९६५ साली अन्नटंचाईच्या काळात लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा असंख्य घरांनी ते पाळले. त्या घरांत उपवासाची सवय होतीच. शास्त्रीजींनी तिला देशातील भुकेल्यांचे भान दिले.

जाते आणि उखळ

जाते व उखळ ही धान्याची स्थाने. कोणते धान्य दळावे-कांडावे हा प्रश्न वरवर रुचीचा वाटतो. वस्तुतः तो पाण्याचा प्रश्न आहे. एक किलो तांदूळ पिकविण्यास काही हजार लिटर पाणी शेतात जिरवावे लागते. पंजाब-हरियाणाच्या भातशेतीने तेथील भूजल किती खोल नेले आहे हे सर्वश्रुत आहे. उलट बाजरी, ज्वारी, नाचणी ही धान्ये थोड्या पावसावर, हलक्या जमिनीत तगतात. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष ह्याच भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्या भाकरीस शहरी पाहुण्यापुढे ठेवण्यास यजमानाला संकोच वाटे, तिच्यासाठी जगाने एक वर्ष राखून ठेवले! आठवड्यातून तीन दिवस घरात ज्वारी-बाजरीची भाकरी झाली तर एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळते आणि कोठेतरी एका विहिरीवरचा भार हलका होतो.

जाते आता विजेवर फिरते. म्हणून विजेचा विचारही येथेच केला पाहिजे. देशातील सुमारे सत्तर टक्के वीज अद्याप कोळसा जाळून निर्माण होते. भिंतीवरील कळ दाबली की दूर कोठेतरी कोळशाचा ढीग कमी होतो आणि आकाशातील धूर वाढतो. ६० वॅटच्या जुन्या दिव्याच्या जागी तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर वर्षाकाठी सुमारे ९३ युनिट वीज वाचते. हा हिशेब कोणाही शाळकरी मुलास करता येईल. पण ह्या दिव्याची खरी शिकवण त्याच्या किमतीत आहे. २०१४ च्या सुमारास शासनाला असा एक दिवा सुमारे ३१० रुपयांना घ्यावा लागे. जानेवारी २०१५ मध्ये तो देशभर स्वस्तात विकण्याची योजना सुरू झाली, कोट्यवधी घरांनी तो घेतला आणि २०१६ मध्ये घाऊक खरेदीची किंमत ३८ रुपयांपर्यंत उतरली. ह्या योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे विकले गेले. आरंभी ज्यांनी तो दिवा घेतला त्यांनी स्वतःपुरतीच वीज वाचविली असे नाही. मागून येणाऱ्या गरीब घरालाही तो परवडेल असा मार्ग त्यांनी मोकळा केला. श्रेष्ठ जे आचरतो त्याचे अनुकरण इतर करतात असे गीता सांगते. बाजारपेठेतही हाच नियम चालतो, आणि तेथे श्रेष्ठ म्हणजे धनिक नव्हे. जो प्रथम पाऊल टाकतो तो श्रेष्ठ.

केरसुणी

घर झाडणे म्हणजे केर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे. तो नाहीसा होत नाही; केवळ दृष्टीआड होतो. मार्च २०२३ मध्ये केरळातील कोचीजवळ ब्रह्मपुरम् येथील कचऱ्याच्या डोंगराला आग लागली आणि कित्येक दिवस नगरावर विषारी धूर पसरला. तो धूर कोणा परक्याचा नव्हता. घरोघरचे खरकटे व घरोघरच्या पिशव्या नगराकडे परत आल्या होत्या. ओला कचरा सुक्यात मिसळला की तो कुजून त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो, आणि त्याच्या सहवासाने कागद, काच, पत्रा ह्यांचेही पुन्हा उपयोगी पडण्याचे मोल नष्ट होते. वेगळा ठेवला तर तोच ओला कचरा खत होतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी कचरा वेगवेगळा करून देण्याचे कर्तव्य प्रत्येक घरावर घातले. इंदूर नगराने ते मनावर घेतले. तेथील स्वच्छतेची वाखाणणी २०१७ पासून देशभर होत आली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू निर्माण करणारा प्रकल्प सुरू झाला. यंत्र कितीही मोठे असले तरी त्याचा आरंभ स्वयंपाकघरातील दोन निराळ्या डब्यांपासूनच होतो.

केरसुणीचा विषय निघाला म्हणजे महाराष्ट्रात एका सत्पुरुषाचे स्मरण अपरिहार्यपणे होते. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात शिरले की प्रथम हाती खराटा घेत, दिवसभर गावाचे रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. गावाला त्यांनी आधी उपदेश करून मग काम सांगितले नाही. आधी काम केले आणि मग उपदेश केला. म्हणून त्यांचा शब्द लोकांनी ऐकला. जगाच्या उद्दिष्टांविषयी भाषणे करणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

पाण्याचा घडा

जगातील सुमारे १८ टक्के लोक भारतात राहतात. परंतु जगातील गोड्या पाण्याचा वाटा भारताकडे सुमारे ४ टक्केच आहे. अशा देशात गळका नळ हा क्षुल्लक दोष नव्हे. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर ते चार लिटरांहून अधिक भरते, आणि वर्षाचे दीड हजार लिटरांवर जाते. पाणी शुद्ध करणारी कित्येक घरगुती यंत्रे एक लिटर पिण्याजोगे पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतात. ते लादी पुसण्यास किंवा भांडी विसळण्यास सहज वापरता येते.

तथापि पाण्याच्या बाबतीत एकट्या घराची काटकसर अपुरी पडते, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. देशातील पाण्याचा फार मोठा भाग शेतीला लागतो, आणि जमिनीखालचे पाणी कुंपण ओळखत नाही. एकाने वाचविले आणि शेजाऱ्याने खोल विंधन विहीर घेऊन उपसले, तर वाचविणाऱ्याच्या हाती कोरडी विहीर येते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार ह्या अवर्षणग्रस्त गावाने हा गुंता सोडविला. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर ग्रामसभेने काही बंधने स्वतःवर घालून घेतली: कुऱ्हाडबंदी, मोकाट चराईवर बंदी आणि शेतीसाठी विंधन विहीर घेण्यास मनाई. पाऊस किती झाला ते मोजून त्या वर्षी कोणती पिके घ्यावयाची हे गाव एकत्र बसून ठरवू लागले, आणि उसासारखी तहानलेली पिके दूर ठेवली. राजस्थानातील अलवर जिल्ह्यात १९८५ नंतर गावकऱ्यांनी मातीचे जुने बांध, ज्यांना तेथे जोहड म्हणतात, पुन्हा उभे केले, आणि १९९० च्या दशकात कोरडी पडलेली अर्वरी नदी पुन्हा वाहू लागली. ह्या दोन्ही ठिकाणी पाणी मिळाले ते एकत्र बसण्याच्या शहाणपणातून. ज्या चौकात चार घरे एकमेकांशी बोलत नाहीत तेथे कोणतेही उद्दिष्ट सिद्धीस जाणार नाही.

काटकसरीचा भार कोणाच्या माथी?

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे अधर्म होईल. पंचसूना ह्या संस्कृत शब्दातील सूना आणि मराठी घरातील सुना ह्यांचे उच्चारसाम्य केवळ योगायोगाचे आहे. परंतु चूल, जाते, केरसुणी, उखळ व घडा ह्या पाचही ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या कोण उभे होते, हे आठवले म्हणजे तो योगायोग मनाला टोचतो. घरच्या कर्त्या पुरुषाने सभेत पर्यावरणाचे व्याख्यान ऐकावे, घरी येऊन कचरा वेगळा करण्याचा, भाकरी करण्याचा, पाणी बादलीने वापरण्याचा नियम घालून द्यावा, आणि तो पाळण्याचे सारे कष्ट पत्नीच्या, सुनेच्या किंवा मोलकरणीच्या अंगावर पडावे, असे झाले तर त्याने यज्ञ केला असे म्हणता येणार नाही. त्याने आपले ऋण दुसऱ्याच्या नावावर चढविले, एवढेच. सतरा उद्दिष्टांपैकी पाचवे स्त्रीपुरुषसमतेचे आहे. पाचव्याचा बळी देऊन बारावे साधत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये देशातील ग्रामीण घरांपैकी सुमारे १७ टक्के घरांतच नळाचे पाणी होते; बाकीच्या घरांत ते डोक्यावरून येई, आणि ते डोके बहुधा स्त्रीचे किंवा मुलीचे असे. पुढील पाच-सहा वर्षांत शासकीय नोंदींनुसार हे प्रमाण चार-पंचमांशांपर्यंत गेले. जी मुलगी घडा घेऊन पहाटे निघे तिचा एक तास वाचला, तर तो शाळेला मिळू शकतो. मिळेल की नाही हे मात्र घर ठरविते. नळ शासन देऊ शकेल. वाचलेला तास मुलीच्या हाती राहू देणे हे बापाचे व भावाचे काम आहे. आणि जो पुरुष स्वतः भांडी विसळतो, स्वतः ओला-सुका कचरा निवडतो, त्याला पाणी किती लागते व केर किती निघतो हे कोणी सांगावे लागत नाही. ज्ञान हाताने येते ते असे.

थोराची जबाबदारी आणि लहानाची

आता मूळ शंकेकडे वळू. मोठे अपराधी मोठ्या प्रमाणावर हानी करीत असता लहानाने थेंब थेंब वाचविण्यात अर्थ काय? ह्याचे उत्तर तीन प्रकारचे आहे.

पहिले असे की, ऋण ज्याच्या त्याच्या सामर्थ्याप्रमाणे फिटावयाचे असते. ज्या राष्ट्रांनी व ज्या उद्योगांनी दीड-दोन शतके आकाशात धूर सोडला त्यांचे ऋण मोठे आहे, आणि ते त्यांच्याकडून मागणे न्याय्य आहे. एका खोलीत राहणाऱ्या मजुराला काटकसरीचा उपदेश करणे हे तर निर्लज्जपणाचेच होय. त्याच्या वाट्याला अधिक यावे हीच त्या उद्दिष्टांची मागणी आहे. परंतु मोठ्याचे ऋण मोठे आहे म्हणून लहानाचे शून्य होत नाही. सावकाराने कर बुडविला म्हणून शेजाऱ्याच्या उसन्या पायलीची फेड चुकत नाही.

दुसरे असे की, मागणी करण्याचा अधिकार आचरणातून येतो. जो स्वतः कचरा वेगळा करून देतो तो नगरपालिकेला छातीठोकपणे विचारू शकतो की, ‘‘गाडीत तो पुन्हा एकत्र का केला?’’ ज्याने स्वतःच्या घरापुढचे गटार तुंबविले नाही त्याच्याच तोंडी कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्धची तक्रार शोभते. घरातील आचरण हे नागरिकाच्या कर्तव्याला पर्याय नव्हे. ते त्याची पहिली पायरी आहे. ग्रामसभेत उपस्थित राहणे, गृहसंस्थेच्या बैठकीत पावसाचे पाणी साठविण्याचा ठराव मांडणे, मत देताना शाळा व पाणी ह्यांविषयी विचारणे, हीसुद्धा आजच्या गृहस्थाची नित्यकर्मेच होत.

तिसरे उत्तर अंतःकरणाचे आहे. मनुष्य जे रोज करतो तसा तो होतो. दररोज ताटात टाकणाऱ्याला जगाच्या भुकेचे आकडे कितीही सांगितले तरी ते कानावरून जातात. दररोज एक घास बाजूला काढणाऱ्याच्या मनात कोणीतरी भुकेला सदैव उपस्थित असतो. पुढे मोठा प्रसंग आला, सवलत सोडण्याचा, जमीन देण्याचा, अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचा, तर हाच दुसरा मनुष्य उभा राहील.

मुदत, फळ आणि निष्कामता

शेवटी एक तात्त्विक अडचण उरते. सतरा उद्दिष्टे म्हणजे फळांचीच यादी. त्यांना मुदत आहे, मोजमाप आहे. फळावर दृष्टी ठेवू नये असे शिकलेल्या गीताभक्ताने त्यांचे काय करावे? त्यातच २०२५ सालच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालाने असे सांगितले की, ज्यांची प्रगती मोजता येते त्या लक्ष्यांपैकी सुमारे ३५ टक्केच योग्य किंवा बऱ्यापैकी वाटेवर आहेत. जवळजवळ निम्मी फार मंद गतीने चालली आहेत आणि १८ टक्के तर मागे गेली आहेत. म्हणजे २०३० उजाडेल आणि पुष्कळसे फळ हाती नसेल, हे आजच दिसत आहे. तर मग खटाटोप कशाला?

ह्यावर गीतेच्याच अठराव्या अध्यायाकडे पाहावे. परिणाम, हानी, हिंसा व स्वतःचे सामर्थ्य ह्यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म तेथे तामस ठरविले आहे. ह्याचा अर्थ उघड आहे. परिणामाचा विचार सोडणे ही निष्कामता नव्हे. तो तमोगुण आहे. परिणाम पुरता पाहावा, मोजावा, त्याप्रमाणे कर्म सुधारावे. आणि एवढे करूनही यश न आले तर कर्तव्य टाकून देऊ नये, ही निष्कामता. शेतकरी पावसाचा अंदाज घेतो, बियाणे पारखतो, तरी सुगी बुडाल्यावर पुढच्या मृगाला पुन्हा पेरतो. अंदाज न घेणारा तो मूर्ख, आणि पुन्हा न पेरणारा तो भित्रा.

ह्याचे एक उदाहरण ह्याच देशात घडलेले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ज्यांनी बंद्यांना गीतेवर मराठीत प्रवचने दिली, त्या विनोबा भावे यांना १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले. पुढे त्यांनी पाच कोटी एकरांचे उद्दिष्ट ठेवले आणि देशभर पायी फिरले. मिळाली ती चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन. त्यातील पुष्कळ नापीक किंवा वादात सापडलेली निघाली, आणि सगळी वाटलीही गेली नाही. उद्दिष्टाच्या मापाने पाहिले तर ते अपयश होते. पण ज्या भूमिहीनाला त्यातून दोन एकर मिळाले आणि ज्याच्या मुलांनी त्या शेतातील भाकर खाल्ली, त्याला हे अपयश सांगून पाहावे! उद्दिष्ट दिशा दाखविण्यासाठी असते. ते अर्धे राहिले म्हणून चाललेली अर्धी वाट खोटी ठरत नाही. धर्माच्या मार्गावरील थोडा प्रयत्नही वाया जात नाही, हे गीतेचे आश्वासन अशा वेळीच उपयोगी पडते.

सारांश, जगाची सतरा उद्दिष्टे सामान्य गृहस्थापासून दूर नाहीत. ती त्याच्या घरातील पाच जागांपर्यंत येऊन उभी आहेत. त्याने सगळीच एकदम उचलावी असे कोणी म्हणत नाही. आज चुलीपासून आरंभ करावा: पोटापुरते शिजवावे, उरले तर कोणाच्या तरी पोटात जाईल असे पाहावे. मग दिवे, मग केर, मग पाणी, असे एकेक व्रत अंगवळणी पाडावे. त्यातील कष्टाचा वाटा स्वतः उचलावा. जे घरात साधले ते आळीत, ग्रामसभेत न्यावे. ह्यासाठी द्रव्य लागत नाही, पदवी लागत नाही, कोणाची अनुज्ञाही लागत नाही.

रात्री निजण्यापूर्वी घरोघरी कोणीतरी स्वयंपाकघरात एक फेरी मारतेच. शेगडी बंद आहे ना, अन्न झाकले आहे ना, नळ गळत नाही ना, दिवा मालवला ना, हे पाहिले जाते. ही फेरी आजवर घराच्या सुरक्षिततेसाठी होती. तीच फेरी जगाचे स्मरण ठेवून घातली, तर ते सायंप्रार्थनेइतकेच पवित्र कर्म होईल. आणि ती नेहमी घरातील स्त्रीनेच घालावी असा कोठलाही नियम नाही. आज घरधन्याने उठावे.